श्लीपद ते हत्तीरोग : माहीमच्या किनारपट्टीच्या संदर्भात एक टिपण

आरोग्याच्या इतिहासलेखनात साथीच्या रोगांना जे स्थान मिळाले, ते चिवट, दीर्घकालीन रोगांना लाभले नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ चा साथरोग कायदा, अहवाल, छायाचित्रे असे विपुल साधनसाहित्य मागे राहिले. हत्तीरोग सहसा माणसाला मारत नाही, घरात बसवतो. म्हणूनच त्याचे दप्तर तोकडे आहे. पालघर तालुक्यातील माहीमसारख्या किनारी गावांचा विचार करताना ही उणीव विशेष जाणवते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हा रोग 'श्लीपद' या नावाने येतो. जेथे जुने पाणी साचते व सर्व ऋतूंत गारवा असतो, तेथे तो विशेषत्वाने होतो, असे सुश्रुत सांगतो. डासाचा उल्लेख नसला तरी रोगाचा भूगोल अचूक टिपलेला आहे. मात्र म्हणून माहीमच्या पानवेलींच्या वाड्यांवर सारा दोष टाकणे योग्य ठरणार नाही. रोगवाहक क्यूलेक्स डास वाहत्या पाटापेक्षा गटारे व शौचखड्डे यांच्या घाण पाण्यात अधिक वाढतो.

१८७२ मध्ये टिमोथी लुईस यांना कलकत्त्यात रुग्णाच्या रक्तात सूक्ष्म कृमी आढळले. १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे त्यांची डासातील वाढ दाखविली. भारतात १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, परंतु त्याचा भर प्रामुख्याने शहरांवर राहिला. सामुदायिक औषधोपचाराची वार्षिक मोहीम २००४ पासूनची. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते.

डीईसी व अल्बेंडाझोल ही औषधे प्रसार रोखतात, सुजलेला पाय पूर्ववत करीत नाहीत. प्रौढ कृमींमुळे लसिकावाहिन्या फुगून निकामी होतात आणि द्रव ऊतींत साठतो. पुढे बोटांच्या बेचक्यांतील भेगांतून जीवाणू शिरतात, थंडी वाजून ताप येतो आणि प्रत्येक तापागणिक सूज वाढते. साबण-पाण्याने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, पाय उंचावर ठेवणे, पट्टी बांधणे हे उपचार साधे आहेत. पण ते रोजचे आहेत, आणि चिखलात अनवाणी राबणाऱ्यास तेच अवघड जातात. केरळातील कासरगोड येथे याच्या जोडीला आयुर्वेद व योग यांचाही अवलंब झाला आहे.

सूज जुनी झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात कृमी सापडतच नाहीत. रात्री घेतलेल्या रक्तनमुन्यांच्या नोंदवहीत असा रुग्ण निरोगी ठरतो. अभ्यासकाने केवळ त्या नोंदवहीवर विसंबून गावाचा इतिहास लिहिला, तर सुजलेला पाय दुसऱ्यांदा दप्तराबाहेर राहील.