सोळा मात्रांचा तालखंड : ध्वनिमुद्रित ठेक्याचा इतिहास आणि हलगीवादनाचा प्रश्न

संगीताचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः रचनाकार, गायक आणि घराणी यांचा विचार करतो. ठेका धरणाऱ्याचा उल्लेख झालाच, तर तो साथीदार म्हणून होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा क्रम उलटा करणारी एक घटना घडली. एका साथीदाराने वाजविलेला सुमारे सात सेकंदांचा ताल मूळ गाण्यापासून सुटा झाला आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या काही प्रमुख शाखांचा पाया ठरला. या घटनेचे स्वरूप काय, ती कोणत्या कारणांनी घडली, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील हलगीवादनाच्या अभ्यासकाला तिच्यापासून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१

१९६९ साली अमेरिकेतील 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाची 'कलर हिम फादर' ही तबकडी प्रसिद्ध झाली. हे गीत गाजले व पुढील वर्षी त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तबकडीच्या मागील बाजूस 'आमेन, ब्रदर' ही केवळ वाद्यांची रचना होती. तिच्याकडे त्या वेळी कोणी विशेष लक्ष दिले नाही. या रचनेच्या मध्यावर इतर सर्व वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमवादक एकटाच चार मात्रांचे एक, अशी चार आवर्तने वाजवितो. वाद्यवृंद थांबून ताल उघडा पडतो, अशा जागेला तेथील वादक 'ब्रेक' म्हणतात. रचनेच्या नावावरून हा तालखंड पुढे 'आमेन ब्रेक' म्हणून ओळखला जाऊ लागला.

चार आवर्तने मिळून सोळा मात्रा होतात. आपल्या त्रितालाचे चार विभाग डोळ्यांपुढे ठेवले, तर या तालखंडाची घडण समजण्यास सोपी जाते. पहिली दोन आवर्तने सारखीच आहेत. ती कानाला ठेक्याची सवय लावतात. तिसऱ्यात एक ठळक आघात अपेक्षित जागेवरून किंचित पुढे ढकलला जातो. चौथ्याची पहिली मात्राच रिकामी राहते, त्यानंतर आडलयीचे काही आघात येतात आणि झांजेचा मोठा आवाज अपेक्षेपेक्षा आधीच होतो. म्हणजे अर्धा तालखंड स्थैर्य निर्माण करतो आणि उरलेला अर्धा ते मोडतो. शेवटी कानाला समेची ओढ लागते. हा तुकडा पुनःपुन्हा वाजविला की प्रत्येक समेवर ती ओढ फिटते आणि लगेच पुन्हा उत्पन्न होते. तो आवर्तनशः वाजविण्यास इतका सोयीचा का ठरला, याचे संगीतशास्त्रीय कारण येथे आहे.

२

तथापि केवळ सांगीतिक गुणामुळे हा तालखंड पसरला, असे म्हणता येणार नाही. त्यासाठी श्रोत्यांची एक नवी सवय आणि एक नवे यंत्र, दोन्ही आवश्यक होती. सवय न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात लागली. १९७३ च्या सुमारास कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तबकडीवादकाने असे पाहिले की नाचणारे लोक गाण्यातील ब्रेकचीच वाट पाहत असतात. तेव्हा एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरील ब्रेक संपताच दुसरीवरील सुरू करावयाचा, अशी पद्धत त्याने रूढ केली. हिप-हॉप संगीताचा उगम येथे मानला जातो. पुढे असे ब्रेक असलेल्या जुन्या रचनांचे संग्रहच निघू लागले. १९८६ च्या 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या मालिकेत 'आमेन, ब्रदर' समाविष्ट झाले आणि विस्मृतीत गेलेली रचना नव्या वादकांच्या हाती आली.

यंत्र म्हणजे सॅम्पलर. तबकडीवरील ध्वनीचा तुकडा अंकांच्या रूपाने साठवून हव्या त्या वेळी वाजविणे, हे त्याचे काम. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्राची एकूण साठवण अवघी दहा सेकंदांची होती. म्हणून वादक तबकडी मुद्दाम जलद फिरवून तुकडा साठवीत व नंतर त्याची गती उतरवीत. या काटकसरीमुळे आवाजाला जो खरखरीतपणा येई, तोच पुढे त्या शैलीचा गुण मानला गेला. साधनाच्या मर्यादेतून सौंदर्यकल्पना कशी जन्मते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९९० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये याच्या पुढची पायरी गाठली गेली. तेथे 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे प्रकार उदयास आले. मूळ तालखंडाची गती मिनिटास सुमारे १३७ मात्रांची. ती वाढवून १६० किंवा त्याहून पुढे नेण्यात आली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तालखंड अखंड न ठेवता त्याचा एकेक आघात सुटा करण्यात आला आणि त्या आघातांची नवनवी मांडणी सुरू झाली. तबल्याच्या अभ्यासकाला ही क्रिया परिचित वाटेल. कायद्यातील बोल घेऊन, बाहेरचा बोल न आणता, पलटे करावयाचे हा आपल्याकडील नियम. जंगल संगीताचा रचनाकार कोलमनच्या आघातांचे पलटेच करीत असतो. हिप-हॉपमध्ये जो तालखंड लेहऱ्यासारखा एकसारखा फिरत होता व ज्यावर शब्दांचा विस्तार होत होता, तो येथे स्वतःच विस्ताराचा विषय झाला. या तालखंडाच्या प्रभावाचे मर्म माझ्या मते या स्थित्यंतरात आहे. हजारो ध्वनिमुद्रणांत तो वापरला गेला, ही संख्येची बाब त्यामानाने गौण होय.

३

महाराष्ट्रात यंत्रतालाचा प्रवेश निराळ्या वाटेने झाला. १९८२ साली मुंबईत चित्रपटसंगीतातील वादक चरणजीत सिंग यांनी दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. तीत टीआर-८०८ हे तालयंत्र वापरले होते. त्या यंत्रातील आघात विजेच्या आंदोलनांतून तयार होत. कोणा वादकाचा हात त्यामागे नव्हता. ती ध्वनिमुद्रिका तेव्हा दुर्लक्षित राहिली आणि २०१० च्या पुनर्मुद्रणानंतर जगभर चर्चिली गेली. यंत्राने निर्माण केलेला ताल आणि यंत्राने उचललेला माणसाचा ताल, हा भेद येथे ध्यानात ठेवला पाहिजे. दुसऱ्या प्रकाराचे आपल्या परिसरातील उदाहरण म्हणजे हलगी.

कोडोली ज्या पन्हाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात त्या हलगीच्या तालावर. कुस्तीच्या फडातही हलगी, घुमके व कैताळ यांचा मेळ असतो. हलगी हे एकाच बाजूने कातडे मढविलेले कड्याचे वाद्य. ते जाळावर शेकून, एक आखूड व एक लांब बारीक अशा दोन काठ्यांनी वाजवितात. हे वादन पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने मातंग व होलार समाजांतील कलावंतांनी सांभाळले. वादकाची दृष्टी सतत समोरच्या हालचालीवर असते. कुस्ती अंगाला भिडली की लय चढते, काठी तोलली जात असेल तर ठेका थांबून राहतो. हलगीची लय प्रसंगाला उत्तर देणारी आहे.

अलीकडे मिरवणुकांतील 'डॉल्बी'वर 'हलगी मिक्स' म्हणून ओळखली जाणारी गाणी वाजतात. ध्वनिमुद्रित हलगीचा तुकडा गाण्यावर चढवून व आवर्तनशः फिरवून ती तयार होतात. त्यांच्या नावात हलगी असते; हलगीवादकाचे नाव बहुधा नसते. हलगीचा नाद या मार्गाने दूरवर पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. परंतु यंत्रातील तुकडा समोरच्या मल्लाकडे पाहत नाही. नाद टिकला, पण त्याचे उत्तर देण्याचे सामर्थ्य गेले. आणि ज्याच्या हातात ते सामर्थ्य होते, तो मनुष्यही दृष्टिआड झाला.

४

दृष्टिआड होण्याचा परिणाम काय होतो, हे कोलमनच्या चरित्रावरून दिसते. २००६ साली अटलांटा येथे तो निराधार अवस्थेत मरण पावला. ज्या वादनावर एक संगीतप्रकार उभा राहिला, त्याचे मानधन त्यास मिळाले नाही. वृंदप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनाही कायद्याने काही मिळाले नाही. २०१५ साली इंग्लंडमधील चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४,००० पौंड दिले, तेवढेच. रचनेचा हक्क आणि वादनाचा हक्क यांत कायद्याने केलेला भेद याच्या मुळाशी आहे. अमेरिकेत ध्वनिमुद्रणास संघराज्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्या मुद्रणांस. 'आमेन, ब्रदर' त्यापूर्वीचे होते.

आपल्याकडील स्थिती प्रथम याहून बरी नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात कलावंताच्या प्रयोगास स्वतंत्र हक्क नव्हता. देव आनंद यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपटातील अभिनय ही संरक्षित कृती नाही, असाच निर्णय दिला. १९९४ च्या दुरुस्तीने 'प्रयोगकर्ता' ही संज्ञा कायद्यात आली. तिच्या व्याख्येत गायक, वादक व नर्तक यांच्याबरोबर गारुडी आणि डोंबारीही आहेत, ही लक्षणीय गोष्ट होय. १९९९ साली या हक्काची मुदत पंचवीस वर्षांवरून पन्नास वर्षे झाली आणि २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्ता म्हणून आपली ओळख सांगण्याचा नैतिक हक्कही मान्य केला. कायद्याच्या दृष्टीने हलगीवादक आता अनाम नाही.

परंतु हक्क असणे आणि तो सिद्ध करता येणे, यांत अंतर आहे. कोलमनच्या बाबतीत तबकडीवर वृंदाचे नाव छापलेले होते, म्हणून निदान इतिहासाला त्याच्यापर्यंत पोहोचता आले. यात्रेत कोणीतरी टिपलेल्या आणि हातोहात पसरलेल्या हलगीच्या तुकड्यावर असे काहीच लिहिलेले नसते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'च्या वाद्याध्यायात आघातांचे पाट बारकाईने नोंदविले. आपल्या शास्त्रपरंपरेने आघातास नाव दिले; आघात करणाऱ्याचे नाव नोंदविणे हे आजच्या संशोधकाचे काम आहे. वादकाचे नाव, गाव, गुरू, वादनाचा प्रसंग व दिनांक आणि त्याची संमती यांसह हलगीवादनाची ध्वनिमुद्रणे विद्यापीठांनी जतन केली, तर उद्या त्यातील एखादा तुकडा जगात कोठेही गेला, तरी त्याचा माग काढता येईल. हे काम आजची वादकांची पिढी हयात असतानाच झाले पाहिजे.