दिव्यापासून डायोडपर्यंत

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही दोन खेडी होती. १९७८ साली कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स महामंडळाने तेथील ३३२ एकर जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटी उभारण्यास आरंभ केला. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बालिगा यांची ही कल्पना. तेथे आज इतकी संगणक-कचेऱ्यांची गर्दी झाली आहे की, बंगळूर म्हटले म्हणजे परप्रांतीय माणसाच्या डोळ्यांपुढे तेवढाच भाग उभा राहतो. परंतु त्या वसाहतीला ज्या इलेक्ट्रॉनाचे नाव मिळाले, त्याची प्रकाशाशी सोयरीक जुळविण्याचे काम याच शहराच्या दुसऱ्या टोकास, वायव्येकडील पीण्या औद्योगिक वसाहतीत, फारसा गाजावाजा न होता चालले होते. १९७५ साली ‘आर्यभट’ हा पहिला भारतीय उपग्रह याच पीण्यात बांधला गेला. पुढे तेथेच इस्रोची विद्युत्-प्रकाशीय प्रणालींची प्रयोगशाळा नांदू लागली, आणि २००८ साली चंद्राकडे निघालेल्या ‘चांद्रयान-१’ वर चंद्राचे डोंगर आणि दऱ्या मोजणारे जे लेसर-यंत्र बसविले गेले, ते या प्रयोगशाळेने सिद्ध केले. त्या यंत्राच्या पोटात डायोडच्या प्रकाशावर पोसलेला लेसर होता. हा लेसर कोठून आला, हे पाहावयाचे तर जवळजवळ अर्धशतक मागे जावे लागते.

१६ मे १९६० रोजी अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी जगातील पहिला लेसर चालविला. त्याची घडण पाहिली तर ती साधीच म्हणावी लागेल. माणकाची एक लहानशी कांडी, आणि तिच्याभोवती वेटोळे घातलेला, छायाचित्रकार वापरतात त्या जातीचा झगझगीत फ्लॅशचा दिवा. दिवा लखकन पेटला की माणकातील क्रोमियमचे अणू त्याची ऊर्जा गिळून उच्च पातळीवर चढत आणि मग एकमेकांच्या तालात ती ऊर्जा प्रकाशरूपाने परत देत. अशा उद्दीपित उत्सर्जनाची शक्यता आइन्स्टाइन यांनी १९१७ सालीच दाखवून ठेवली होती. अणूंना वर चढविण्याच्या या क्रियेस शास्त्रज्ञांनी ‘पंपिंग’ असे नाव दिले, आणि ते समर्पकच आहे. विहिरीतील पाणी पाटात सोडावयाचे तर ते आधी वर उपसावे लागते, तसेच हे.

मात्र दिव्याचा हा उपसा गळक्या मोटेसारखा होता. १९६४ साली बेल प्रयोगशाळेत गॉयझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निओडिमियमयुक्त ‘याग’ स्फटिकाचा लेसर केला. माणकापेक्षा तो पुष्कळच सोयीचा ठरला आणि आजही कारखान्यांतून व रुग्णालयांतून त्याचा वापर होतो. पण निओडिमियमचा अणू हा खाण्यापिण्यात मोठा चोखंदळ. त्याला प्रकाशाच्या काही ठराविक तरंगलांबीच तेवढ्या रुचतात, आणि त्यांतही ८०८ नॅनोमीटरच्या आसपासची, डोळ्यांना जेमतेम जाणवणारी अवरक्त लहर त्याच्या विशेष आवडीची. दिवा तर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत आणि त्याहीपलीकडे सगळ्या लहरींचा सडा घालतो. त्यांतील थोडा अंश अणूंच्या वाट्याला जाई. उरलेला स्फटिकाला नुसता तापवी. शंभर भाग वीज खर्ची घालावी, तेव्हा एक ते तीन भाग लेसर-प्रकाश हाती यावा, असा तो व्यवहार होता. तापलेली कांडी मध्यभागी अधिक फुगते आणि भिंगासारखी वागू लागते. त्यामुळे किरणाची सरळ रेघ बिघडते. तो ताप काढून नेण्यासाठी पाण्याचा प्रवाह, त्यासाठी पंप, शिवाय उच्च दाबाचा वीजपुरवठा आणि काही शे तासांनी बदलावा लागणारा दिवा, असा सारा संसार पाठीशी बाळगावा लागे. प्रयोगशाळेच्या मेजावर हे चालून जात होते. आकाशात दिवा बदलावयास कोण जाणार?

या प्रश्नाचे उत्तर आधीच जन्मास आलेले होते. १९६२ साली अमेरिकेतील निरनिराळ्या प्रयोगशाळांतून, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, गॅलियम आर्सेनाइड या अर्धसंवाहकाचा डायोड लेसर सिद्ध झाला. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा या कपच्यातून वीज वाहिली की थेट प्रकाश बाहेर पडतो, आणि तोही एका ठराविक लहरीचा. दुसऱ्याच वर्षी रॉजर न्यूमन यांनी सुचविले की, असल्या कपच्याच्या प्रकाशाने निओडिमियमला उद्दीपित करता येईल. १९६४ साली कीज आणि क्विस्ट यांनी डायोडच्या प्रकाशाने युरेनियमयुक्त स्फटिकातून लेसर काढून दाखविला. पण त्यासाठी सारे उपकरण द्रवरूप हेलियमच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जवळपासच्या, थंडीत ठेवावे लागले. १९६८ साली मॉन्टी रॉस यांनी याग स्फटिकही डायोडने चालविला. त्यांनाही डायोड थंड करावाच लागला. मेजावर गळकी मोट होती ती निदान चालत तरी होती. नवा पंप उत्तम खरा, पण तो बर्फाच्या पेटीबाहेर काढता येत नव्हता!

भारतातील स्थिती या बाबतीत मोठी विलक्षण होती. तुर्भ्याच्या अणुशक्ति-संस्थेत १९६४ मध्येच, म्हणजे मूळ शोधास दोन वर्षे होतात न होतात तोच, गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला. पुढे त्याच्या प्रकाशावर संदेश चढवून तो तुर्भ्याहून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत, सुमारे २० किलोमीटरवर, मुंबईच्या हवेतून पोहोचविण्यात आला. त्याच सुमारास बारामतीस जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेले कुमार पटेल बेल प्रयोगशाळेत कार्बन डायॉक्साइडचा लेसर घडवीत होते. त्यांनी दिव्याची कटकट मुळातच टाळली आणि वायूतून थेट विजेचा स्राव सोडला. त्यांचा मार्ग निराळा. परंतु दिवा ही लेसरची दुखरी बाजू आहे, हे त्या काळच्या कोणाही जाणकारास ठाऊक होते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

तुर्भ्याच्या संस्थेत पुढे निओडिमियमयुक्त काचेचे मोठे लेसरही उभे राहिले. म्हणजे अर्धसंवाहक आणि निओडिमियम या दोन्ही विद्या एकाच छपराखाली होत्या, आणि तरीही त्यांची गाठ तेव्हा पडली नाही. याचा दोष तेथल्या माणसांना देणे अन्यायाचे होईल. जगात कोठेच ती गाठ नीटपणे पडत नव्हती. १९७० साली लेनिनग्राडला आल्फेरॉव्ह यांनी, आणि अमेरिकेत हायाशी व पॅनिश यांनी, निरनिराळ्या अर्धसंवाहकांचे थर एकावर एक चढवून सामान्य तापमानात अखंड चालणारा डायोड केला, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. त्यानंतरही पुरेसा जोमदार आणि टिकाऊ डायोड हाती येण्यास आणखी दहापंधरा वर्षे लागली. १९८० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट बायर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बोटाच्या पेराएवढ्या स्फटिकातून इतका स्थिर आणि शुद्ध किरण काढला की, दिव्यावर चालणाऱ्या लेसरांना तो साधलाच नव्हता. येथून डायोडचे युग सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही.

याच दशकात भारतातील लेसर-विद्येचे केंद्र तुर्भ्याहून होळकरांच्या इंदूरकडे सरकले. १९८४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते तेथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. तेच २००५ पासून राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले संचालक डॉ. दिलीप भवाळकर हे मूळचे सागरचे. त्या गावी पेशवाईपासून मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे डॉक्टरेट मिळवून आल्यावर त्यांनी तुर्भ्यास लेसरांचे काम केले होते. इंदूरला त्यांच्या कारकिर्दीत याग लेसर नुसते तयार झाले नाहीत, ते कामाला जुंपले गेले. नरोरा आणि काक्रापार येथील अणुभट्ट्यांच्या शीतक-नळ्या बदलताना, किरणोत्सर्गामुळे जेथे माणसाने फार वेळ उभे राहणे धोक्याचे, तेथे काचतंतूतून लांबवर नेलेल्या लेसर-किरणाने पोलादी ओठ कापण्यात आले. हे लेसर दिव्यावरच चालणारे होते. दिवा जुना झाला म्हणून तो टाकाऊ झाला असे मुळीच नव्हे. एकेका स्पंदात भरपूर ऊर्जा ओतावयाची तर तो अद्यापही स्वस्त पडतो. पुढे इंदूरला डायोडवर चालणारे हिरवे लेसरही तयार झाले.

डायोडचा प्रकाश अचूक असतो, पण त्याचा स्वभाव हळवा असतो. तापमान एका अंशाने चढले की त्याची तरंगलांबी सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. निओडिमियमची ती आवडती पट्टी तर एकदोन नॅनोमीटरच रुंद. म्हणजे डायोड दहा अंशांनी तापला तर घास तोंडाशी येऊन तोंड चुकावे, अशी गत होते. म्हणूनच डायोडवर चालणाऱ्या लेसरची रचना करणाऱ्याचा निम्मा वेळ प्रकाशात आणि निम्मा उष्णतेत जातो. शिवाय सर्व काही जुळून आले तरी ८०८ ची लहर घेऊन १०६४ ची देताना जवळजवळ चतुर्थांश ऊर्जा स्फटिकात उष्णता होऊन राहतेच. तो निसर्गाचा कर आहे. इतके देऊनही विजेचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक प्रकाशरूपाने हाती येतो, आणि डायोड हजारो तास टिकतो.

आकाशातील यंत्राला हाच गुण जीवनावश्यक. १९७१ साली ‘अपोलो-१५’ बरोबर चंद्राभोवती फिरलेला उंचीमापक माणकाच्या, दिव्यावर चालणाऱ्या लेसरचा होता. तो मोहीम संपण्यापूर्वीच बंद पडला. १९९४ साली अमेरिकेच्या ‘क्लेमेंटाइन’ यानावर डायोडचा याग लेसर गेला. त्याने चंद्राचा मोठा भाग मोजला, पण ध्रुवांजवळचे प्रदेश राहून गेले. पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकन उंचीमापकाने २००१ पर्यंत साठ कोटींहून अधिक स्पंद सोडले. दिव्याच्या बाबतीत हा आकडा कल्पनेतही आला नसता.

पीण्याच्या प्रयोगशाळेतील जे. ए. कमलाकर, टी. के. अलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चांद्रयान-१’ साठी जो आराखडा आखला, त्यात ध्रुवीय कक्षेतून ध्रुवांसह चंद्राची उंचसखलता मोजण्याचा हेतू होता. चंद्रापासून १०० किलोमीटरवरून सेकंदास दहा स्पंद खाली सोडावयाचे, आणि चंद्रावर आपटून परतलेला क्षीण प्रकाश १७ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपावयाचा. जाण्यायेण्यास लागणारा वेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, आणि पाच मीटरांचा फरक कळावयाचा तर त्यातही सेकंदाच्या अब्जांश भागांतील तेहतीसांपर्यंत हिशेब ठेवावयाचा. चंद्राचा पृष्ठभाग प्रकाश परतविण्यात कंजूष असल्याने ग्राहक-दुर्बीण आणि संवेदक यांची निवड हाच मोठा पेच होता. दर स्पंदात १० मिलीज्यूल ऊर्जा असे. ती दहा अब्जांश सेकंदात दडपल्यामुळे त्या निमिषापुरती शक्ती १० लक्ष वॅट होई. सरासरी काढू गेले तर ती वॅटचा दहावा भाग, खिशातील विजेरीहूनही कमी. डायोडवरील लेसराची सारी किमया या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

‘चांद्रयान-१’ ने २२ ऑक्टोबर २००८ रोजी पहाटे श्रीहरिकोट्याहून प्रयाण केले. १६ नोव्हेंबरला हे लेसर-यंत्र चालू करण्यात आले आणि ते चालले. मात्र त्यानंतर दहा दिवसांच्या आतच यानाचे तापमान पन्नास अंशांच्या घरात गेले. एका बाजूने सूर्य आणि दुसऱ्या बाजूने तापलेला चंद्र, अशा कात्रीत ते सापडले होते. नियंत्रकांनी यानाची दिशा बदलली, काही उपकरणे बंद केली आणि पुढे काही आठवडे ती आळीपाळीने चालविली. पृथ्वीवर पाण्याच्या नळीने निभावणारी उष्णतेची बाब तेथे अशी पुन्हा दारात येऊन उभी राहिली. तशाही स्थितीत मोजणी होत राहिली. १९ मे २००९ रोजी यानाची कक्षा २०० किलोमीटरपर्यंत उंचावण्यात आली आणि २९ ऑगस्टला त्याच्याशी संपर्क तुटला. दोन वर्षे चालावयाची मोहीम दहा महिन्यांतच संपली.

पुढे १४ वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, ‘चांद्रयान-३’ चे अवतरण-यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले, तेव्हा खालची जमीन किती दूर आहे हे सांगणाऱ्या साधनांत लेसर-उंचीमापकही होता. ‘चांद्रयान-१’ मात्र हरवल्यातच जमा होते. २०१६ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोनच्या ॲन्टेनातून चंद्राच्या ध्रुवावर रेडिओलहरींचा झोत रोखून धरला. दीड मीटर लांबीरुंदीचे ते मुके यान त्या झोतातून पुन्हापुन्हा गेले, आणि परत आलेल्या क्षीण लहरींवरून ते अद्याप चंद्रापासून सुमारे २०० किलोमीटरवर फिरत असल्याचे निश्चित झाले.