बारावीनंतर फॉरेन्सिक सायन्स : काय शिकायचं, कुठं शिकायचं, नोकरी कशी लागते?

नरसी नामदेव (ता. हिंगोली) : 'व्हिसेरा राखून ठेवला आहे' हे वाक्य आपल्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फवारणी करताना विषबाधा झाली, विहिरीत कोणी मयत सापडलं, मरणाबद्दल शंका आली, की शवविच्छेदनाच्या कागदावर डॉक्टर असंच लिहितात. त्यानंतर घरच्यांच्या चकरा सुरू होतात. 'सी.ए. रिपोर्ट आला का?' एवढंच विचारायला पोलीस ठाणं गाठायचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाला २ लाख रुपये मिळतात, पण विषबाधेच्या प्रकरणात हा रिपोर्ट लागतोच.

हा रिपोर्ट तयार करणारा माणूस सरकारी प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ असतो. बहुतेक वेळा रसायनशास्त्र शिकलेला. ते काम नरसी, सेनगाव, औंढा भागातलं लेकरूही करू शकतं. मात्र बारावीनंतर वाट नीट निवडावी लागते. त्याचीच ही माहिती.

फॉरेन्सिक म्हणजे नेमकं काय काम?

टीव्हीवरच्या मालिकेत हातमोजे घातलेला माणूस दोन मिनिटांत आरोपी शोधून देतो. खरं काम तसं नसतं. शवविच्छेदनात जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग आणि रक्त काढून बरण्यांत ठेवतात. अवयव सडू नयेत म्हणून बहुतेक वेळा मिठाचं संपृक्त द्रावण वापरतात. बरणीला सील लागतं आणि पोलीस कर्मचारी पत्रासह ती प्रयोगशाळेत पोचवतो. तिथं आधी सील तपासतात. मग अवयवातून विष वेगळं काढून यंत्रावर ओळखतात. प्रत्येक पायरीची नोंद होते, कारण उद्या कोर्टात वकील त्याच नोंदीवर बोट ठेवणार असतो.

विष तपासणी हा एक विभाग झाला. रक्त आणि डीएनए, बंदूक व गोळ्या, हातभट्टीची दारू, मोबाईल व कॉम्प्युटर, आवाजाची तपासणी, मानसशास्त्र असे वेगवेगळे विभाग असतात. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर तपासणीचं काम महाराष्ट्रात गुन्हे अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीआयडीकडे आहे.

आपली प्रयोगशाळा कुठं आहे?

राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय करतं. ते गृह विभागाच्या हाताखाली येतं. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना इथं आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर इथं प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. हिंगोलीकरांना सगळ्यात जवळची नांदेडची.

आता मागणी का वाढली?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ (३) प्रमाणे ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं. राज्यांना याची तयारी करायला ५ वर्षांची मुदत दिली आहे. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन सुरू झाल्या. म्हणजे शिकलेली माणसं लागणार हे नक्की. पण माणसं लागणार म्हणून डिग्री घेतलेल्या प्रत्येकाला नोकरी लागेल, असं मात्र धरून चालू नये.

शिकायच्या दोन वाटा

पहिली वाट : बारावी सायन्सनंतर थेट बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स. यासाठी राज्य सरकारच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. मराठवाड्यातल्या पोरांना संभाजीनगर सोयीचं. प्रवेशाची पद्धत आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या सूचनेत येतात. बारावीचा निकाल लागायच्या आधीपासूनच संस्थेच्या वेबसाईटवर लक्ष ठेवावं.

केंद्र सरकारचं राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गुजरातमध्ये गांधीनगरला आहे. गुजरातचं हे राज्य विद्यापीठ २०२० मध्ये राष्ट्रीय झालं. नागपूरलाही त्याचं केंद्र आहे. तिथल्या प्रवेशासाठी 'एनफॅट' ही परीक्षा द्यावी लागते.

दुसरी वाट : जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. करायची आणि नंतर फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका घ्यायची. या वाटेची चर्चा कमी होते, पण बऱ्याच घरांना हीच परवडते. पहिली ३ वर्षं जिल्ह्यातच निघतात, खोलीभाडं आणि मेसचा खर्च वाचतो. फॉरेन्सिकचं नाही जमलं तरी औषध कंपनी, साखर कारखान्याची लॅब, पाणी तपासणी, बी.एड. ही दारं उघडी राहतात.

थेट फॉरेन्सिकची बी.एस्सी. घेणाऱ्यांनी प्रवेशाआधी एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा : 'या डिग्रीवर पुढं एम.एस्सी. रसायनशास्त्र किंवा बी.एड. करता येईल का?' उत्तर विद्यापीठागणिक बदलू शकतं.

अकरावीत कोणता ग्रुप घ्यावा? भौतिक आणि रसायन पाहिजेच. विष, रक्त, डीएनए याची आवड असेल तर जीवशास्त्र घ्यावं. मोबाईल, कॉम्प्युटर, सायबरकडं जायचं असेल तर गणित सोडू नये.

नोकरी कशी लागते?

संचालनालयात 'वैज्ञानिक सहायक' हे पद सरळसेवेने भरतात. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागते. रसायनशास्त्रवालेही चालतात आणि फॉरेन्सिकवालेही, म्हणजे एकाच जागेसाठी दोघांत स्पर्धा. सायबर आणि मानसशास्त्र विभागाच्या पदांना पात्रता वेगळी असते. वरची काही पदं एमपीएससीमार्फत भरतात. राज्याच्या भरतीत वयाची मर्यादा साधारण खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं असते.

जाहिरात दरवर्षी येत नाही. जागाही पोलीस भरतीसारख्या हजारोंनी नसतात. त्यामुळं नुसती जाहिरातीची वाट बघत घरी बसणं धोक्याचं. एमपीएससी, पोलीस भरती, खासगी लॅबमधलं काम असं काहीतरी सोबत चालू ठेवावं. शिकवायची आवड असेल तर 'नेट' परीक्षेत फॉरेन्सिक सायन्स हा स्वतंत्र विषय आहे. ती पास झाल्यावर कॉलेजात प्राध्यापक म्हणून अर्ज करता येतो.

कामाची दुसरी बाजूही घरात बोलून घ्यावी. कुजलेल्या अवयवाचा वास, रक्ताचे कपडे, लेकरांवरच्या अत्याचाराच्या केसेस हे रोजचं असतं. कोर्टातून समन्स आलं की साक्षीला जावं लागतं. ज्याला नोंद नीट ठेवायची आणि खरं तेच लिहायची सवय आहे, त्यानंच इकडं यावं.

पैसे भरण्याआधी थांबा

'४ तासांत ऑनलाईन फॉरेन्सिक सर्टिफिकेट, सरकारी नोकरीची संधी' अशा जाहिराती मोबाईलवर येतात. असं सर्टिफिकेट म्हणजे डिग्री नाही. वैज्ञानिक सहायकाच्या भरतीत त्यावर पात्र ठरत नाही. कॉलेज खासगी असेल तर विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, प्रयोगशाळा खरंच आहे का, हे बापानं किंवा भावानं एकदा स्वतः जाऊन बघावं. 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. शेत गहाण ठेवून फी भरायची वेळ येत असेल, तर आधी दुसऱ्या वाटेचा विचार करावा.

सायन्स नाही घेतलं तर?

सार्वजनिक सुरक्षेचं क्षेत्र फॉरेन्सिकपुरतं नाही. दहावी पास तरुणांसाठी राज्य अग्निशमन सेवेचा ६ महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आहे. नगरपालिका, महापालिका आणि कारखान्यांच्या भरतीत तो उपयोगी पडतो. पुढच्या शिक्षणासाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. 'आपदा मित्र' योजनेत गावातल्या स्वयंसेवकांना पूर, आग, भूकंपात काय करायचं याचं प्रशिक्षण देतात. ती नोकरी नाही, पण शिकलेलं कामाला येतं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने जिल्हा हलला, तेव्हा लोक घराबाहेर पळाले, पण पुढं काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं अशी गावं बरीच होती. परतवारीला नरसीत जमणारी गर्दी बघितली तरी शिकलेल्या माणसांची गरज कळते.

कागदपत्रं आत्ताच काढा

जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न आणि अधिवास हे दाखले बारावीच्या वर्षातच काढून ठेवावेत. वैधतेला वेळ लागतो. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. बाहेरगावी राहायच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचीही चौकशी करावी.

गावानं एवढं पाळावं

प्रयोगशाळेचं काम गावातूनच सुरू होतं. विषबाधा झाली तर औषधाचा डबा किंवा बाटली फेकू नये, लेबलसकट डॉक्टरांना दाखवावी. उपचार लवकर होतात आणि पुढं तपासही सोपा जातो. घटनास्थळी मात्र कशाला हात लावू नये, कपडे धुऊ नयेत, फोटोसाठी गर्दी करू नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जीव गेले. असं पुन्हा घडलंच, तर कशानं घडलं हे सांगणारा रिपोर्ट वेळेत यायला पाहिजे. त्यासाठी नांदेडच्या प्रयोगशाळेत आपल्या भागातली शिकलेली पोरंपोरीही असली पाहिजेत.