मुठीतली चवळी आणि रक्तातले संप्रेरक

परळला जेरबाई वाडिया मार्गावर, टाटा रुग्णालयाच्या विस्तारित इमारतीत, १९६३ साली रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. जवळच जहांगीर मेरवानजी मार्गावर १९५४ मधील एका छोट्या चाचणी-विभागातून वाढलेली संस्था १९७० पासून प्रजनन संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या त्या परळात संप्रेरके मोजायची, तर हाताशी होती यॅलो आणि बर्सन यांची १९६० च्या सुमाराची रेडिओइम्युनोअ‍ॅसे.

स्टेरॉइड संप्रेरके मोजताना अनेकदा रक्त आधी ईथरसारख्या द्रवाबरोबर घुसळून घेत. त्यात थोडे संप्रेरक वाया जाई. किती, हे कसे कळावे? त्यासाठी सुरुवातीलाच ट्रिटियमयुक्त संप्रेरक मोजून घालत; ते शेवटी जितके घटलेले दिसे, त्यावरून मूळ पदार्थातली तूट काढत.

कल्पना त्याहून जुनी. हेवेशी आणि हॉफर यांनी १९३४ मध्ये जड पाणी पाजून माणसाच्या शरीरातील एकूण पाण्याचा अंदाज घेतला. १९४० मध्ये रिटेनबर्ग आणि फॉस्टर यांनी तीच युक्ती अमिनो आम्लांना लावली.

वर्गात हे चवळीने दाखवता येते. डब्यातील चवळीत २० रंगवलेले दाणे मिसळा आणि मूठ भरा. मुठीत ५ रंगीत व ६० साधे निघाले, तर डब्यात साधे दाणे सुमारे २४०. मूठ लहान की मोठी, याने विशेष बिघडत नाही. मात्र चवळीऐवजी २० राजमे टाकले तर? ते वेगळे सरकतात, वेगळे साचतात, आणि गणित फसते.

मास स्पेक्ट्रोमीटरसाठी ‘अंतर्गत प्रमाण’ निवडणे म्हणजे हा रंगीत दाणा निवडणे. टेस्टोस्टेरॉनचा रेणुभार २८८. निसर्गातील कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ असल्याने काही रेणू मुळातच २८९ चे, थोडे २९० चे असतात. म्हणून प्रमाण निदान ३ ने जड हवे. ड्यूटेरियम स्वस्त, पण किटोन गटाशेजारी बसवले तर आम्ल-अल्कलीत निसटते, म्हणजे रंगच धुऊन जातो! शिवाय असा रेणू क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून किंचित आधी बाहेर पडतो, आणि त्या क्षणी सोबत येणारे इतर पदार्थ त्याचा संकेत वेगळ्या प्रमाणात दाबू शकतात. कार्बन-१३ मूळ रेणूबरोबरच बाहेर पडतो. तो महाग आहे, तरी आमचे मत त्याच्याच बाजूने.

हा काटेकोरपणा कशासाठी? स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या साधारण दहावा-विसावा हिस्सा. तेथे प्रतिपिंडे तत्सम स्टेरॉइडांनाही चिकटतात आणि आकडा फुगतो. पीसीओएसची शंका असलेल्या मुलीचे निदान त्यावरून चुकू शकते. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २००७ मध्ये याबद्दल सावध केले. मास स्पेक्ट्रोमीटर आला म्हणून प्रश्न मिटला असेही नाही: २०१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन संशोधकांनी केवळ अंतर्गत प्रमाण बदलून पाहिले, तर त्याच नमुन्यांचे आकडे बदलले.

प्रयोग करताना डबा मात्र चांगला हलवा. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बिलगलेले असते; घातलेले प्रमाण त्याच्यात मिसळायला वेळ लागतो, आणि घाईने काढलेली मूठ रंगीत दाण्यांचीच अधिक निघते.