सायंकाळीं घरीं जाणारे रुग्ण

ज्याच्या कानांत नसलेले आवाज घुमूं लागले, ज्याला सख्खा भाऊहि वैरी वाटूं लागला, अशा माणसाला भिंतींआड नेऊन ठेवणें हाच मार्ग एकोणिसाव्या शतकांतील युरोपाला मुख्यतः ठाऊक होता. त्या इस्पितळांचें दार आंत जाणारास सहज उघडे. बाहेर येणारास क्वचित्. वर्षें लोटलीं म्हणजे घरांतील त्याची जागाहि बुजून जाई. या रूढीला पहिला तडा गेला तो मात्र दयेपोटीं नव्हे. खाटा पुरेनात म्हणून!

सन १९३३ च्या सुमारास मॉस्को येथें जागारोव यांनीं, रुग्णानें सकाळीं यावें, दिवसभर उपचार व कांहीं काम करावें आणि सायंकाळीं घरीं परतावें, अशी व्यवस्था केली. अडचणींतून निघालेली ही युक्ति अडचणीपेक्षां मोठी ठरली.

कॅनडांत मॉन्ट्रिअल शहरीं, माउंट रॉयल टेकडीच्या उतारावर, सर ह्यू अ‍ॅलन या जहाजमालकाचा भव्य वाडा होता. त्यांत स्थापिलेल्या अ‍ॅलन स्मारक संस्थेंत डॉ. युवेन कॅमेरॉन यांनीं १९४६ सालीं ‘दिवसाचें रुग्णालय’ उघडलें. खाटेवर निजणें हेंच औषध आहे काय, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. त्याच सुमारास लंडनमध्यें डॉ. जोशुआ बियरर यांनीं असाच प्रयोग मांडला. ते व्हिएन्नाचे, अ‍ॅडलर यांचे अनुयायी. रनवेल येथील इस्पितळांत त्यांनीं रुग्णांचीं मंडळें स्थापिलीं होतीं, आणि त्यांचा कारभार रुग्णच पाहत. वेड्याला सभा चालवितां येते, हें त्या काळीं पुष्कळांना नवलाचें वाटलें असावें.

कॅमेरॉन यांचें नांव घेतांना मात्र जीभ अडखळते. दार उघडें ठेवणारा हाच वैद्य पुढें, अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या पैशाच्या आधारानें, रुग्णांना दिवसचे दिवस निद्रिस्त ठेवून व विजेचे वारंवार झटके देऊन त्यांच्या स्मृति पुसून टाकण्याचे प्रयोग करीत राहिला. तेंहि त्याच वाड्यांत.

सन १९५२ मध्यें पॅरिसच्या वैद्यांनीं क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा गुण प्रसिद्ध केला. भ्रम ओसरूं लागले, आणि तीव्र विकाराचा रुग्णहि रात्रीं घरीं राहूं शकेल असा भरंवसा वाढला. परंतु रात्रीची शुश्रूषा कोणी करावयाची? ती आईवर, पत्नीवर, बहिणीवर आली. त्या श्रमाची नोंद कोणत्याहि वहींत झाली नाहीं.

सन १९६३ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष केनेडी यांनीं सही केलेल्या कायद्यान्वयें प्रत्येक लोकवस्तीच्या केंद्रास ज्या पांच सेवा आवश्यक ठरल्या, त्यांत दिवसापुरतें रुग्णालय ही एक होती. केनेडींची सख्खी बहीण रोझमेरी १९४१ सालच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेनें कायमची पंगु झाली होती. जुन्या इस्पितळांच्या खाटा झपाट्यानें कमी झाल्या. योजलेल्या केंद्रांपैकीं पुष्कळशीं मात्र उभींच राहिलीं नाहींत, आणि ज्यांना सायंकाळीं जावयास घर नव्हतें, असे कित्येक रुग्ण रस्त्यावर आले.