'लेट'ची गोष्ट

मध्यंतरी नातीचा नवा पासपोर्ट आला. आतला मजकूर वाचताना 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' इथे अडखळले. जन्मभर 'लेट हिम गो' म्हणजे 'त्याला जाऊ दे' असं शिकवलं. मग 'विदाउट लेट' म्हणजे काय, जाऊ न देता?

शब्दकोश काढला तेव्हा उलगडा झाला. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. 'लॅटन' म्हणजे सोडणं, होऊ देणं; 'लेट्टन' म्हणजे अडवणं, खोळंबा करणं. आपली गाडी 'लेट' होते ना, तो शब्द या दुसऱ्याचा भाऊबंद. पुढे प्रत्यय झिजले आणि दोघांचं रूप एक झालं. अर्थ मात्र उलटे! तरी कित्येक शतकं दोन्ही सुखाने नांदले. 'हॅम्लेट'मध्ये भुतामागे निघालेल्या राजपुत्राला सोबती धरून ठेवतात, तेव्हा मला 'लेट' करील त्याला मारीन, असं तो धमकावतो. १६११ च्या बायबलातही हाच अर्थ सापडतो. नंतर तो बोलण्यातून गेला. उरला कायद्याच्या भाषेत, पासपोर्टात आणि टेनिसमध्ये. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून बरोबर चौकटीत पडला की 'लेट'. अडथळा आला, पुन्हा मारा.

हेच मला आठवीतल्या एका मुलाने विचारलं होतं. "अरे, तो 'नेट'चा अपभ्रंश," असं मी ठोकून दिलं. वर्ग हसला, तो खाली बसला. आता पन्नाशीला आला असेल. बाळा, बाई चुकल्या होत्या.