डोंगरावरचा काजू आणि पेल्यातला इतिहास

गेल्या वैशाखात आम्ही मंडळाचे चार-पाच सभासद पेडण्याच्या किनारपट्टीवरील एका नव्या, देखण्या मद्यगृहात एक संध्याकाळ घालवून आलो. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील, याची आम्हांला कल्पना आहे. वाचनालय, कीर्तन आणि दशावतार यांच्या संस्कारांत वाढलेल्या माणसांना अशा जागी काय पाहायचे असते, असेही कोणी विचारील. आम्ही तेथे इतिहास पाहिला. तो आपलाच असून आपण तो कधी लिहिला नाही, हेही तेथेच ध्यानात आले.

जांभ्या दगडाची उघडी भिंत, मंद पिवळे दिवे, लांबलचक लाकडी फळी आणि तिच्यामागे वेताने गुंफलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्या. पेयांच्या यादीतील एका भारदस्त नावाचा उलगडा करून घेतला, तेव्हा त्याखाली हुर्राक, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची एवढेच निघाले. काजूच्या दिवसांत आमच्या गावातील गडीमाणसे संध्याकाळी घेत असत, ते हेच मिश्रण! यादीच्या मागील पानावर फेणीचा इतिहास चार ओळींत छापला होता. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात ब्राझीलहून काजू आणला, अशी सुरुवात होती आणि पुढल्याच वाक्यात आजचे मद्यगृह अवतरले होते. मधली चार शतके गायब.

पेले भरणारा तरुण डिचोली तालुक्यातला निघाला. आमची आडनावे ऐकून तो हसला आणि म्हणाला, “काका, माझा आजा तुमच्याकडच्याच डोंगरावर भाटी लावायचा. आज तो असता तर मी त्याला इथे आणून बसवला असता. तेव्हा त्याला कोणी ओसरीवरसुद्धा घेत नव्हते.” त्याच्या बोलण्यात रोष नव्हता. तरीही आम्ही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

मिश्र पेये ही सर्वस्वी परकी गोष्ट आहे, असा आपला समज असतो. ‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या अमेरिकेत १८०६ मध्ये झाली, हे खरे. परंतु त्याच्या पावणेदोन शतके आधी, १६३२ मधील एका इंग्रजी पत्रात ‘पंच’ या पेयाचा उल्लेख येतो. हा शब्द अनेक कोशकार आपल्याकडील ‘पाच’ या संख्येशी जोडतात: मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच जिन्नस. या पेयासाठी माडाच्या सुरेपासून काढलेल्या गोव्याच्या अर्काला इंग्रजांमध्ये मोठी मागणी असे. म्हणजे पाहुणा म्हणून आलेल्या या पेल्याचे थोडे आजोळ आपल्याच किनाऱ्यावर आहे.

काजूची कथा मात्र किनाऱ्याची नसून डोंगराची आहे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. पेडण्याचा ताबा १७८८ मध्ये पक्का झाला. या नव्या काबिजातींतील डोंगरउतारांवर काजू फोफावला. पिकून आपोआप गळालेली बोंडे वेचायची, बी वेगळी करायची, खडकात कोरलेल्या कोळंबीत बोंडे पायांनी तुडवायची, रस काही दिवस आंबू द्यायचा आणि भाटीवर लाकडांच्या जाळाने उकळायचा. पहिल्या उकळणीचा तो हुर्राक. पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी. जाळ किती ठेवावा, धार केव्हा तोडावी, हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. ते हातांत होते, नाकात होते.

या भाटीवर राज्यकर्त्यांची नजर सतत राहिली. १८७८ च्या करारान्वये मीठ आणि अबकारी या दोन्ही बाबतींत गोव्याला आपली व्यवस्था ब्रिटिश मुलखाशी जुळवून घ्यावी लागली. तो करार १८९२ मध्ये संपला. पुढे १९४९ मध्ये मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. तेरेखोल नदीच्या अलीकडे जो उद्योग होता, तो पलीकडे गुन्हा ठरला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलातही हा प्रश्न डोकावलाच. महाराष्ट्रात विलीन झाल्यास दारूबंदी येईल आणि माड काढणाऱ्या रेंदेरांची रोजी बुडेल, असे विलीनीकरणाचे विरोधक सांगत होते. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. आपल्या पेडणे-डिचोलीने मराठीच्या ओढीने विलीनीकरणाला कौल दिला. त्या लढ्यावर आपण पुष्कळ लिहिले. भाषेवर, शाळांवर, वृत्तपत्रांवर लिहिले. रेंदेराच्या आणि भाटीवाल्याच्या चुलीवर किती लिहिले?

उत्तर अवघड नाही. आमच्या अनेक घरांत मद्य वर्ज्य होते, आणि ते योग्यच होते. दारूने उद्ध्वस्त झालेले संसारही आम्ही पाहिले आहेत. परंतु त्याच घरांच्या जमाखर्चात काजूच्या डोंगराचे उत्पन्न दरवर्षी जमेला पडत होते. त्या पैशांतून मुले शिकली, देवळांचे उत्सव झाले. पैसा ओसरीवर आला. आणणारा मात्र पायरीखाली उभा राहिला. आपल्या इतिहासलेखनानेही त्याला तेथेच उभे ठेवले.

२००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा-मद्याचा दर्जा दिला, २०२१ मध्ये फेणीसाठी स्वतंत्र धोरण आले. जानेवारी २०२३ पासून मोपावर विमाने उतरू लागली आणि पेडण्याचे डोंगर भराभर विकले जाऊ लागले. बाटलीला मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या उतारावर कोळंबी कोरली गेली तो उतारच सपाट झाला, तर मान कोणाचा राहील?

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढाव्यात. मोडी वाचता येत नसेल तर मंडळाकडे आणाव्यात. त्यांत काजूच्या मक्त्याची नोंद सापडली, तर रकमेबरोबर समोरचे नावही टिपून घ्यावे. डिचोलीच्या त्या तरुणाला आम्ही त्याच्या आजाचे नाव विचारून आलो आहोत. ते आमच्या वहीत लिहिले आहे. आता आमच्या घरच्या जुन्या वहीत ते सापडते का, हे पाहायचे आहे.